करंजबारवेतली पाठमोरी

रंगूबाईनं तो सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. मेडशीच्या लहानथोरांनी पाहिला होता, काही हौशी माणसांनी दोनदा पाहिला होता, आणि त्या सिनेमापायी तिच्या संसाराचं जे व्हायचं ते होऊन बसलं होतं. पण जिची पाठ पाहून माणसं खुर्चीत पाय वर घेऊन बसत, ती बाई स्वतः काही थेटरात गेली नाही. म्हणून मालेगावच्या कॉलेजातली वैष्णवी मॅडम घरी आली आणि म्हणाली की 'करंजबारव' आता नव्यानं साफसूफ होऊन आलाय, आम्ही तो मंगल कार्यालयात दाखवणार आहोत, तुमचा सत्कार करायचाय, तेव्हा रंगूबाईनं सरळ हात जोडले.

"नको माय. त्या सिनेमाचं नाव काढू नको माह्या दारात."

"मावशी, कारखानीस सर स्वतः येणार आहेत पुण्याहून. ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांनी तुमची आठवण काढली."

हे ऐकलं आणि रंगूबाईचा हात तूर निवडता निवडता थांबला. "कारखानीस सायेब? हायेत अजून?" असं म्हणून तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "त्या मान्साचे माह्यावर उपकार हायेत. त्यायच्यासाठी येईन."

उपकाराची गोष्ट अशी होती.

रंगू तेव्हा विशीची होती आणि विजयमाला तिच्या कडेवर. गावाबाहेर करंजाच्या झाडीत जुनी बारव आहे; पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या उतरत जातात. तिथं सिनेमावाल्यांनी तळ ठोकला. बारवेत जीव दिलेल्या एका नवरीचं भूत, अशी ती कथा. मुंबईची नटी भूत होणार होती. पण कारखानीस साहेबांच्या डोक्यात काही वेगळंच होतं. त्यांना भूत पाठमोरं पाहिजे होतं, आणि पाठमोरंच जवळ यायला पाहिजे होतं. म्हणजे कॅमेरा वर, बाईचं तोंड खाली पाण्याकडे, आणि तिनं उलट्या पावलांनी एकेक पायरी वर चढायची. शेवाळलेले ते दगड पाहूनच नटीनं अंग काढून घेतलं. त्याच वेळी रंगू भरली घागर डोक्यावर घेऊन, हात न लावता, वर येत होती. तिच्या पायांना त्या पायऱ्या पाठ होत्या. साहेबांनी तिथंच ठरवलं.

रामरावानं, तिच्या नवऱ्यानं, एकच गोष्ट विचारली. "तोंड तं दिसनार नाई ना माह्या बायकोचं?"

"अजिबात नाही," साहेब म्हणाले. "तोंड दिसलं तर माझा सिनेमाच संपला."

"मंग काय हरकत हाय," रामराव म्हणाला. त्याला वाटलं, अब्रू वाचली.

रंगूनं काम चोख केलं. तिला लाल लुगडं दिलं, ओले केस पाठीवर सोडायला लावले. पाय घसरून पाण्यात जाऊ नये म्हणून कमरेला दोर बांधला. त्याचं टोक बाजूच्या कोनाड्यात दडून बसलेल्या दोन गड्यांच्या हाती. चुलीपुढं पाठ करून भाकरी थापायचंही एक काम तिला सांगितलं. त्या भाकरी मग सगळ्या युनिटनं, आणि रामरावानंही, ठेच्यासोबत खाल्ल्या.

शेवटच्या दिवशी तिनं नुसतं उभं राहायचं होतं. विजयमालाला मेकअपवाल्या बाईनं सांभाळायला घेतलं होतं. रंगू पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. खाली काळंभोर पाणी. आणि अचानक वरून कोणीतरी ओरडलं, "रंगूबाई, पोरगी पाण्यात पडली, पोरगी."

ती खाली झेपावली आणि दोर ताणला गेला. गड्यांना सांगितलेलंच होतं, काही झालं तरी सोडायचा नाही. तिला ओरडताही आलं नाही. नुसते खांदे हलत राहिले. समोर पाणी, पाण्यात काही दिसत नव्हतं, आणि काही दिसत नव्हतं म्हणून तिला सगळंच दिसत होतं. किती वेळ गेला ते तिला कधीच कळलं नाही. मग मागून पावलं वाजली. कारखानीस साहेब विजयमालाला उचलून घेऊन खाली येत होते. पोरीच्या हातात बिस्कीट होतं.

"सापडली हो, सापडली."

कोणाची तरी नजर चुकली असेल, पोरगी पाण्याच्या कडेला गेली असेल, पडता पडता साहेबांनी धरली असेल, असं रंगूनं धरलं. पोरगी ज्याच्या हातांत होती त्याच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. त्या माणसानं आपली लेक हुडकून आणून दिली, हे तिच्या मनात कोरलं गेलं. बारवेच्या काठावर तिनं महादेवाला नवस बोलला आणि सोमवार धरला; अळणी खायचं, तेही एकदाच. तो तिनं पुढच्या बाळंतपणातही मोडला नाही.

पुढच्या साली सिनेमा मालेगावच्या टॉकीजला लागला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं हसत-खिदळत गेली, आणि परत आली ती मुकाट. रंगूला ताप होता म्हणून ती गेली नव्हती. सकाळी ती हापशीवर गेली तर बाया दोन पावलं मागं सरल्या. शेजारची हिरीबाई, जिच्या घरी तिचं येणंजाणं होतं, तिनं घागर अर्धीच भरली आणि उचलून निघाली. रंगूला वाटलं, थट्टा करत असतील. पण थट्टा चार दिवसांत ओसरते. ही ओसरली नाही. हिरीबाईच्या नातवाला झटके आले तेव्हा तिनं भर गल्लीत सांगितलं, "हे लेकरू हिच्या पाठीमांगून चालत होतं." संक्रांतीला सगळ्या गल्लीत बोलावणी फिरली आणि रंगूचं दार तेवढं गाळून पुढं गेली. बारशाला नाही, ओटी भरायला नाही. कोणी तोंडावर चेटकीण म्हणालं नाही. म्हणालं असतं तर भांडता आलं असतं.

सिनेमा पुढं परदेशातही दाखवला गेला; तिथल्या आणि शहरातल्या माणसांच्या लेखी त्या पाठीला तोंड नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या मनातलं भेसूर तोंड तिला लावून घेतलं असेल. मेडशीच्या माणसांना मात्र ते तोंड माहीत होतं. रोज सकाळी ते हापशीवर दिसत होतं.

आणि रामराव. तो मारझोड करणारा माणूस नव्हता, दारूच्या थेंबाला शिवला नाही. पण सिनेमा पाहून आल्यावर एकदा दुपारी तो शेतातून आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबला. रंगू चुलीपाशी भाकरी थापत होती, पाठ दाराकडे.

"इकडं तोंड कर," तो म्हणाला.

ती वळली. "काहून? काय झालं?"

"काई नाई. पाठ करून बसत नको जाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यानं चूल उचलून समोरच्या भिंतीला मांडली. तिथं धूर जायला जागा नव्हती. तेव्हापासून ती दाराकडे तोंड करून, डोळे चोळत स्वयंपाक करत आली. रात्री झोपतानाही तिनं त्याच्याकडे तोंड करून झोपायचं, हा शिरस्ता पडला. शेवटच्या दुखण्यात त्याला नीट बोलता येत नव्हतं, तरी ती औषध काढायला वळली की तो हातानं खूण करायचा, फिर, इकडं फिर. असा तो गेला. ती त्याच्यावर कधी रागावली नाही असं नाही. पण काय पाहून हा माणूस एवढा धसकला, ते तिला कधी कळलं नव्हतं.

ते तिला मालेगावात कळलं.

मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना काळं कापड लावून भर दुपारी अंधार केला होता. विजयमाला, जी आता मालेगावातच शिलाईचं दुकान चालवते, आईशेजारी बसली. पुढं कॉलेजची पोरंपोरी, मागं गावातली माणसं. पोरं मोबाईल खेळत होती, कुरकुरे खात होती. एवढा जुना सिनेमा काय घाबरवणार, असा एकंदर रंग होता.

सिनेमा सुरू झाला तर त्यात काही घडेचना. लग्नघर, मांडव, बायांची लगबग, कडक ऊन. फक्त मध्येच कुठंतरी पाणी ठिबकल्याचा आवाज यायचा आणि थांबायचा. त्या आवाजाकडे सिनेमातलं कोणी लक्ष देत नव्हतं. मग एक लहान पोरगी बारवेत डोकावली आणि म्हणाली, "तिथं कोणीतरी बसलंय." मोठ्या माणसांनी तिला ओढत नेलं. बारवेत काय आहे ते दाखवलंच नाही. रंगूबाईच्या ध्यानात आलं की पुढच्या रांगेतल्या पोरानं पुडीत घातलेला हात तसाच ठेवलाय.

मग दिसली. डोळ्याचं पातं लवेपर्यंत. खाली, पाण्यालगत, लाल लुगड्यातली पाठ. लगेच पुन्हा लग्नघर, पुन्हा हसणंबोलणं. थोड्या वेळानं परत बारव, आणि पाठ एक पायरी वर. रंगूबाईनं चढून दाखवलेलं सगळं कापलं होतं, चढताना ती कोणाला दिसत नव्हती. दिसायची तेव्हा स्थिरच असायची, फक्त मागच्या खेपेपेक्षा जवळ. वाद्य नाही, किंकाळी नाही. शेजारची एक पोरगी हळूच मैत्रिणीला म्हणाली, "वर आली ना आणखी." आता सारी सभा सिनेमातल्या लग्नाकडे पाहतच नव्हती, पुढची पायरी कधी येते याचीच वाट पाहत होती. आणि सिनेमा ती येऊ देत नव्हता. उलट त्यानं एक विनोदी स्वयंपाकी आणला. लठ्ठ, खादाड, बायकोला भिणारा. त्याच्या फजितीवर पोरं मोकळी होऊन हसली. रंगूबाईही पदर तोंडाला लावून हसली. बारवेचा सगळ्यांना विसर पडला.

तो स्वयंपाकी भर दुपारी घरात शिरला. चुलीपाशी बायको पाठ करून भाकरी थापत बसलेली. थप, थप, थप. तो आपला पाट ओढून बसला, गप्पा मारू लागला, भाकरीवर तूप वाढ म्हणाला. थप, थप, थप. आणि बाहेर अंगणातून त्याच्या बायकोनं हाक मारली, "अहो, आलात का? मी नदीवरनं येतेय."

स्वयंपाकी बोलायचा थांबला. भाकरीचा आवाज थांबला नाही.

सभागृहात किंकाळी उठली. एक पोरगी खुर्चीवरून उठून भिंतीला जाऊन चिकटली. मागच्या एका म्हाताऱ्यानं रामाचं नाव घेतलं. विजयमालानं आईचं मनगट घट्ट धरलं, मग ज्या हाताला आपण धरलंय तो कोणाचा हे आठवून तिनं ते एकदम सोडलं. क्षणभरच सोडलं, पुन्हा धरलं. पण रंगूबाईला ते कळलं.

तिला रामराव दिसला, उंबऱ्यात थांबलेला. बिचारा, असं तिच्या मनात आलं. बिचारा, आणि मग लगेच दुसरं आलं: बिचारा काहून? त्यानं ती भाकरी खाल्ली होती. त्याला ठाऊक होतं ती कोणी थापली.

शेवट आला. पाठ अगदी वरच्या पायरीवर, पडदाभर. काहीच होत नव्हतं. एवढा वेळ काहीच होत नव्हतं की माणसांचे श्वास ऐकू येऊ लागले. आणि मग खांदे हलायला लागले. ती बाई हसत होती की रडत होती, काही कळत नव्हतं. खांदे हलत होते, मान जराशी वळू लागली होती, आणि ती आता वळणार, आता दिसणार, तेवढ्यात त्या लहान पोरीचा चेहरा आला, तिचं तोंड उघडलं, आणि पडदा काळा झाला.

सगळे त्या पाठीकडे पाहत होते. ती पाठ कशाकडे पाहत होती, ते त्या अंधारात एकट्या रंगूबाईला माहीत होतं.

दिवे लागले. बराच वेळ टाळ्या वाजल्या. कारखानीस साहेब काठी टेकत मंचावर आले. म्हातारे झाले होते पण आवाज खणखणीत होता. म्हणाले, "भीती दाखवायची नसते मुलांनो, भीतीला जागा करून द्यायची असते. मी तोंड दाखवलं असतं तर तुम्ही दोन मिनिटांत सुटला असता. आणि हसवल्याशिवाय नीट घाबरवता येत नाही. माणूस सैल पडला की घाव खोल बसतो."

एका पोरानं विचारलं, "सर, तो शेवटचा खांद्यांचा शॉट कसा काढला?"

साहेबांचा चेहरा खुलला. हा प्रश्न त्यांना आवडीचा असावा. "गावातली साधी बाई होती. अभिनय कुठून करणार? म्हटलं, अभिनय नकोच आपल्याला. तिची लहान मुलगी मेकअपवाल्या बाईंपाशी बिस्किटं खात बसली होती. कॅमेरा चालू केला आणि माझ्या असिस्टंटला ओरडायला लावलं, पोरगी पाण्यात पडली म्हणून. कमरेला दोर होताच, त्यामुळे फ्रेममधून बाहेर जायचा प्रश्न नव्हता. एका टेकमध्ये झालं. जगात कुठंही सिनेमा दाखवा, लोक विचारतात ही नटी कोण."

पोरं हसली. टाळ्या पडल्या. वैष्णवी मॅडम माइकपाशी उभी होती, तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी सुकून गेलं. विजयमालानं आईकडे पाहिलं.

"आणि आनंदाची गोष्ट म्हणजे," साहेब म्हणाले, "त्या बाई आज इथं आहेत."

रंगूबाईला लोकांनीच वर नेलं. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. वैष्णवीनं माइक पुढं केला. रंगूबाई त्या माणसाकडे पाहत होती. इतकी वर्षं दर सोमवारी महादेवाचं नाव घेताना तिनं याचंही घेतलं होतं.

"सायेब," ती म्हणाली, "पोरगी पान्याकडं गेलीच नवती?"

"नाही हो, कुठली जाते. छान मजेत होती."

पुन्हा हशा झाला. रंगूबाई हशा थांबेपर्यंत थांबली.

"मंग मी तुमच्या पाया पडली, तवा तुमी काहून नाई सांगतलं?"

साहेबांना तो क्षण आठवत नव्हता. त्यांच्या डोळ्यांवरून ते स्पष्ट दिसलं. एवढं आठवणीत ठेवण्यासारखं त्यांच्या बाजूनं काही घडलंच नव्हतं. "शूटिंगची गडबड असते हो," ते म्हणाले. "राहून गेलं असेल. पण बाई, त्या एका शॉटनं तुम्ही अमर झालात, हे लक्षात घ्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंगूबाईनं खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली. त्यावर नारळ ठेवला आणि जिना उतरून खाली आली. राग आलाय असं कोणाला वाटलं नाही. म्हातारी माणसं विसरतात, एवढंच वाटलं. एका पोरानं तर शाल-नारळ घेऊन तिच्या मागं धाव घेतली. विजयमालानं त्याला परत पाठवलं.

वैष्णवी दारापर्यंत आली. "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं हे."

"तुले कसं माहीत असन माय. मलेच नवतं."

एसटीत मायलेकी शेजारी बसल्या. मेडशीपर्यंत सोडते म्हणून विजयमाला हट्टानं सोबत आली होती.

"माय," विजयमाला म्हणाली, "तू मले कधी नदीवर जाऊ देलं नाई. शाळेची सहल गेली तवा मी घरी रडत बसली होती. मले सांगत होती, तू एकडाव पान्याच्या तोंडातून वापस आली हायेस म्हनून."

"हो."

"मी कधी पान्यात गेलीच नवती."

"नाई."

"आन् ते सोमवार?"

रंगूबाई खिडकीबाहेर सोयाबीनच्या कापलेल्या वावरांकडे पाहत होती. "देवाची काई चूक नाई त्यात," ती म्हणाली, आणि जरा थांबून म्हणाली, "माही बी नवती."

कार्यक्रमातलं साहेबांचं ते बोलणं कोणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. ते फिरत फिरत मेडशीला आलं. चार दिवसांनी रंगूबाई ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती, तेव्हा हिरीबाई काठी टेकत आली. नातवाच्या झटक्यांनंतर तिनं या ओसरीला पाय लावला नव्हता. तो नातू आता धडधाकट, दोन पोरांचा बाप होता.

"सुनेनं मोबाईलवर दाखवलं," हिरीबाई बसत म्हणाली. "मंग तू तवा रडत होती व?"

"हो."

"आमाले वाटलं, हासून राह्यली. सबन गावाले तेच वाटलं." हिरीबाई जरा वेळ काठीशी चाळा करत राहिली. "सांगाचं तं होतं व बाई."

"कोनाले सांगू? माह्यासमोर उभी कोन राहत होती?"

हिरीबाईनं काठी भिंतीला टेकवली. ती वाईट बाई नव्हती. गावातल्या चार बायांसारखी बाई होती, आणि आता म्हातारपणी तिला मनावरचा भार हलका करून हवा होता. ती पुढं सरकून म्हणाली, "झालं गेलं जाऊ दे. येत्या संक्रांतीले माह्या घरी ये हळदीकुंकवाले. पह्यलं वाण तुले देतो."

रंगूबाईनं सूप खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. हिरीबाईच्या नजरेला आत्ता कुठं तिचं मोकळं कपाळ आलं.

"कुंकू होतं तवा बलावलं नाई, हिरीबाई. आता काय करू येऊन?"

हिरीबाईनं पदर सावरला. मग काठीवर जोर देऊन उठली आणि भिंतीला धरत धरत पायऱ्या उतरली. रंगूबाई तिला सावकाश जा असंही म्हणाली नाही. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि तुरीतले खडे वेचू लागली.